आधी पंचांग, मग हॉटेल: सोलापूरकरांचा कोकणकिनारी उन्हाळी मुक्काम

पहिल्यांदा आम्ही अकरा जण गणपतीपुळ्याला गेलो ते नेमके अमावस्येला. मुद्दाम नाही, सगळ्यांच्या रजा जुळल्या त्या तेव्हा. दुपारी पोहोचलो, जेवलो, ऊन उतरायची वाट बघत बसलो आणि साडेचारला पोरांना घेऊन किनाऱ्यावर गेलो, तर समुद्र चांगलाच मागं सरकलेला. पाणी मागं जाईल तसे आम्ही पुढं. तेवढ्यात हॉटेलात कामाला असलेला मुलगा हात हलवत पळत आला. "काका, ओहोटी लागलीय, पोरांना घेऊन मागं फिरा आधी!" आम्हाला वाटलं, पाणी उतरतंय म्हणजे भीती कमी. प्रकरण बरोबर उलटं होतं.

त्यानंतर बहुतेक दर उन्हाळ्यात आम्ही कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर तीन-चार दिवस काढतो. दरवेळी नातेवाइकांचे फोन येतात, कुठलं हॉटेल, किती भाडं, काय काय न्यायचं? हॉटेलाचं नाव सांगून फारसा उपयोग नसतो, कारण मे महिन्यात ते भरलेलंच असतं. म्हणून एकदा सगळी पद्धतच लिहून काढतो, ज्या क्रमानं आम्ही करतो त्याच क्रमानं.

तारीख: हॉटेलाच्या आधी तिथी बघा

दाते पंचांग निघतं आपल्या सोलापुरातूनच आणि घरोघरी भिंतीवर तिथीचं कॅलेंडर असतंच. पण सहलीची तारीख ठरवताना ते कुणी बघत नाही. समुद्राला जायचं तर तेच सगळ्यात आधी बघायचं.

कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा. म्हणजे अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते. दशमीला साडेसात. अमावस्या किंवा पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त, सुमारे ५० मिनिटांनी पुढं सरकते, म्हणून ही पाऊणपट. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, गावागणिक अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण सहल ठरवायला पुरेसं आहे.

आता हे आपल्या सवयीशी जोडून बघा. उन्हाळ्यात पोराबाळांना घेऊन पाण्यात जायची वेळ दोनच: सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेचारनंतर. अमावस्या-पौर्णिमेला भरती सव्वाअकराला संपते आणि साडेपाचपर्यंत पाणी ओसरत राहतं. म्हणजे संध्याकाळी आपण पाण्यात उतरतो ती नेमकी ओहोटीची वेळ, आणि तीही उधाणाची, जेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. याउलट सप्तमी ते दशमी या दिवसांत संध्याकाळी साडेचारला पाणी अजून चढत असतं आणि चढ-उतारही मवाळ असतो. त्याला तिकडं भांग म्हणतात. आमची बुकिंगं आता याच चार दिवसांत बसवलेली असतात.

गणपतीपुळ्याचा बेत असेल तर यात आणखी एक फायदा आहे. संकष्टीला तिथं पाय ठेवायला जागा नसते, अंगारकी असेल तर विचारूच नका. वद्य सप्तमी संकष्टीनंतर तिसऱ्या दिवशी येते, तोवर गर्दी ओसरलेली असते.

महिना कुठला? २५ मेच्या आत परत या. साधारणपणे २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात प्रवासी बोटी आणि पाण्यावरचे खेळ बंद ठेवतात. म्हणजे मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ला धक्क्यावरूनच बघायचा. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, आणि त्याच आठवड्यात पाऊसही येऊन टेकतो. निकाल लागल्यावर मेचा पहिला आठवडा सगळ्यात गर्दीचा. परीक्षा लवकर संपणारी पोरं असतील तर एप्रिलचा तिसरा आठवडा घ्या. भाडं कमी, गर्दी कमी, फक्त आंबा जरा महाग.

गाव: ज्याच्या पोटाला घाट सोसेल ते

सोलापूरहून कोकणात थेट रेल्वे म्हणावी अशी सोय नाही. कोल्हापूर–वैभववाडी मार्गाची चर्चा आपण वर्षानुवर्षं ऐकतोय, रूळ अजून पडलेले नाहीत. म्हणजे गाडी नाहीतर एसटी. एसटीनं जाणार असाल तर महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत, हे मोठ्या कुटुंबाला चांगलंच परवडतं. कोल्हापूरला गाडी बदलायची तयारी ठेवा.

स्वतःची गाडी असेल तर मंगळवेढा, सांगोला, मिरजेवरून कोल्हापूर हा रस्ता आता चांगला आहे. कोल्हापूरपासून फाटे फुटतात. आंबा घाट उतरून रत्नागिरी किंवा निवळी फाट्यावरून गणपतीपुळे, घरापासून सगळं मिळून सुमारे ३८० किलोमीटर. मालवण, तारकर्ली, देवबागला जायचं तर राधानगरीवरून फोंडा घाट किंवा गगनबावड्यावरून करूळ घाट. वेंगुर्ल्याला आंबोली. गुहागर-वेळणेश्वरला कराडवरून कुंभार्ली घाटानं चिपळूण. घाटात काम चालू असणं किंवा वाहतूक वळवणं नवं नाही, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलवाल्यालाच विचारा. त्याच्याकडं रोज कुणी ना कुणी तोच घाट उतरून येत असतं.

म्हातारी माणसं आणि देवदर्शन असेल तर गणपतीपुळे. पोरांना स्नॉर्केलिंग, बोट, किल्ला हवा असेल आणि मासे मनसोक्त खायचे असतील तर मालवण-तारकर्ली. नुसतं पडून राहायचं असेल तर गुहागर. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं तारकर्ली धरावं. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला देखणा, पण तिथं दरवर्षी माणसं बुडतात आणि तशा पाट्याही लावलेल्या आहेत.

खोली: 'सी व्ह्यू' म्हणजे नेमकं काय

जाहिरातीत तीन शब्द असतात आणि तिन्हींचे अर्थ वेगळे. 'सी टच' म्हणजे फाटकातून पाय थेट वाळूत. 'सी फेसिंग' म्हणजे इमारतीचं तोंड समुद्राकडं, पण मध्ये रस्ता, माड, सुरूचं बन, काहीही असू शकतं. 'सी व्ह्यू' म्हणजे कुठून तरी समुद्र दिसतो. कुठून, ते सांगितलेलं नसतं. एका वर्षी आम्ही जास्तीचे पैसे भरून घेतलेल्या खोलीतून समुद्र दिसायचा तो न्हाणीघराच्या खिडकीतून, तेही बादली पालथी घालून त्यावर उभं राहिल्यावर. आमची आजी रोज सकाळी विचारायची, "दिसला का रे समुद्र आंघोळ करताना?"

तेव्हापासून मी तीन गोष्टी करतो. नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडून हॉटेल आणि पाणी यांच्यात काय काय आहे ते बघतो, अंतर मोजतो. मग हॉटेलवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतो, "दादा, जी खोली देणार आहात तिच्या गॅलरीत उभं राहून एक व्हिडिओ काढून पाठवा, आजचाच." खरा माणूस लगेच पाठवतो. टाळाटाळ झाली की मी पुढचं हॉटेल बघतो. आणि लोकांनी टाकलेले फोटो बघतो, हॉटेलनं टाकलेले नाही. त्यातही मे महिन्यातले. ऑक्टोबरात हिरवंगार दिसणारं आवार मेमध्ये ओळखू येत नाही.

खरं सांगायचं तर समुद्र दिसणाऱ्या खोलीचा मोह आता मी सोडलाय. दिवसभर आपण किनाऱ्यावर असतो, रात्री काळोखात समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तो मागच्या खोलीतही येतो. त्याच पैशांत पाण्यापासून पाच मिनिटांवरची मोठी, हवेशीर, खालच्या मजल्यावरची खोली मिळते. गुडघेदुखीची माणसं बरोबर असतील तर खालचा मजला हाच खरा चैनीचा.

पर्यटन विकास महामंडळाचे रिसॉर्ट ही वेगळी गोष्ट. गणपतीपुळे, तारकर्ली, वेळणेश्वर, हरिहरेश्वर इथं त्यांच्या जागा अगदी मोक्याच्या आहेत. खोल्या साध्या असतील, पण समुद्र समोर असतो. मेचं बुकिंग मार्चमध्येच करावं लागतं. चार दिवसांहून जास्त राहायचं असेल तर गावातलं घरगुती निवास-न्याहारी बघा. सकाळी घावणे आणि चहा, आणि भरती कधी ते सांगायला घरचे काका.

फोनवर काय विचारायचं

आपण भाडं विचारतो, एसी आहे का विचारतो आणि फोन ठेवतो. खरे प्रश्न पुढं आहेत.

पाणी गोड आहे की मचूळ? किनाऱ्यालगतच्या बोअरला उन्हाळ्यात खारटपणा येतो. साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात. मेमध्ये कोकणातल्या विहिरीही तळ गाठतात आणि टँकर येतात. काही दिवसांआड येणाऱ्या नळाची सवय असलेल्या आपल्याला त्याचं नवल वाटत नाही, पण दहा जणांनी खारं अंग धुवायचं तर पाणी किती वेळ असतं हे माहीत हवं.

लाईट गेली तर जनरेटर आहे का, आणि त्यावर एसी चालतो की नुसते पंखे? मेच्या शेवटी वळवाचं वादळ आलं की तारांवर माडाची झावळी पडते आणि रात्र काळोखात जाते. 'बॅकअप आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका.

स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं? शाकाहारी वेगळं शिजतं का? गाडी आवारात लागते का, ड्रायव्हर असेल तर तो झोपणार कुठं? गॅलरीच्या कठड्याच्या गजांत अंतर किती, बारकं पोर असेल तर हेही. पोहण्याचा तलाव असेल तर पोरांच्या भागात पाणी किती खोल, तेही.

चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी १२ किंवा १ ला, आणि चेक-आउट सकाळी १० किंवा ११ ला. म्हणजे 'दोन दिवस' म्हणताना आपण एका रात्रीचे पैसे देतोय की दोन, ते आधी पक्कं करा. बोलताना दिवस नाही, रात्री मोजा.

पैशांचा हिशेब

सांगितलेलं भाडं आणि भरलेलं भाडं यात फरक पडतो तो जास्तीच्या गाद्यांनी आणि करानं. सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढं १८ टक्के. समजा खोली ३,००० ची, त्यात दोन जास्तीच्या गाद्या ६०० प्रमाणे. झाले ४,२००, त्यावर ५ टक्के म्हणजे २१०. एका रात्रीचे ४,४१०. म्हणून फोनवर एकच वाक्य: "सगळं धरून एका रात्रीचे किती?" आणि तो आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, नाश्त्यासकट की सोडून, तेही.

आगाऊ पैसे भरताना फसवणूक होते ती खोट्या नंबरांमुळं. नावाजलेल्या हॉटेलाची हुबेहूब नकली पानं बनवून पैसे उकळल्याच्या तक्रारी दर उन्हाळ्यात येतात. नकाशावरचा नंबर, हॉटेलच्या पाटीच्या फोटोतला नंबर आणि तुम्हाला आलेला नंबर जुळतात का बघा. यूपीआयवर पैसे टाकताना समोर येणारं नाव वाचा. पूर्ण रक्कम आधीच मागणारा किंवा 'आत्ता पाच मिनिटांत भरा' म्हणणारा असेल तर सोडून द्या. ओळखपत्रासाठी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार काढून ठेवा.

पिशवी: सोलापूरचं काय न्यायचं, काय नाही

आपलं ऊन आणि कोकणचं ऊन यात मूळ फरक आहे. इथं ४३ अंशांना घाम येतो आणि वाळतो. तिथं पारा ३३-३४ वर असतो, पण हवा इतकी दमट की घाम अंगावरच राहतो. म्हणून आपले उपाय तिथं चालत नाहीत. ओला पंचा डोक्यावर ठेवून गार वाटत नाही, कूलर तर निरुपयोगी. समोरासमोर खिडक्या, पंखा आणि सैल सुती कपडे हाच इलाज. दिवसाला तीन जोड धरा, आपल्याकडं एका जोडावर दिवस निघतो तसं तिथं होत नाही. दोरी आणि चिमटे न्या. रात्रभर वाळत घातलेलं सकाळी ओलंच असतं, म्हणून कपडे दुपारी उन्हात टाका.

सोलापुरी चादर न्यावी का? न्यावी, पण खोलीसाठी. एसीत मध्यरात्री ती हवीशी वाटते. किनाऱ्यावर अंथरू नका, तिच्या विणीत वाळू जाऊन बसते आणि चार धुण्यांनी निघत नाही. तेच टर्किश टॉवेलचं. आपल्या गावचा टॉवेल कितीही नावाजलेला असला तरी वाळूला त्याचं वेड आहे. समुद्रावर पातळ पंचे आणि अंथरायला आईची जुनी सुती साडी, झटकली की वाळू गेली. हॉटेलचे पांढरे टॉवेल तर किनाऱ्यावर नेऊच नका, डाग पडला की बिलात येतो.

पाण्यात उतरायला सुती कपडे नकोत. भिजले की जड होतात आणि वाळू अडकून मांड्या सोलवटतात. पटकन वाळणारी टी-शर्ट आणि अर्धी चड्डी बरी. साडी नेसून गुडघाभर पाण्यातसुद्धा जाऊ नये. लाट परत जाताना साडीचा घोळ पायात गुंडाळते आणि माणूस उभ्या जागी कोसळतो.

दागिने घरीच ठेवा. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी निसटते. मोटारीची बटणवाली चावी खिशात घेऊन समुद्रात उतरू नका. माझा मेहुणा उतरला होता. दुसरी चावी सोलापुरात कपाटात, आम्ही तिथं. ती येईपर्यंतचे दीड दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी मात्र घ्याच. चार दिवस खोबऱ्याचं खाऊन झालं की रात्री अकराला कुणीतरी हळूच विचारतं, "चटणी शिल्लक आहे का?" डबा कोरडा ठेवा, दमट हवेत भाकरी अर्ध्या दिवसात मऊ पडते. डब्यात कागद घालून घट्ट झाकण लावा.

निघणं

पहाटे चारला निघालात तर कोल्हापुरात साडेआठ-नऊला पोहोचता आणि इथं सगळेच चुकतात. मिसळ खातात. मग तासाभरानं आंबा घाटात मागच्या सीटवरून आवाज यायला लागतात. मिसळ परतीच्या वाटेवर खा. जाताना इडली, केळं एवढंच. ज्यांना मळमळतं त्यांना घाटाच्या आधी पुढं बसवा. हे जमलं तर दुपारी एक-दीडला दारात, खोली तयार.

पहिला तास

सामान उघडायच्या आधी खोली तपासा. एसी, गीझर, नळाची धार, संडासाचं फ्लश, दाराची आतली कडी, खिडकीची जाळी. चादरीवर किंवा भिंतीवर आधीचे डाग असतील तर फोटो काढून स्वागतकक्षात दाखवा. काही पटलं नाही तर खोली आत्ताच बदलून मागा. सामान पसरल्यावर कुणी बदलून देत नाही, आणि आपल्यालाही कंटाळा येतो.

मग खाली जाऊन तिथल्या माणसाला चार गोष्टी विचारा. आज भरती कधी? या किनाऱ्यावर कुठला भाग वाईट आहे? जीवरक्षक कुठं उभे असतात? जवळचा दवाखाना कुठला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवर मिळत नाही. खडक कुठं आहे, खाडीचं तोंड कुठं आहे, गेल्या पावसाळ्यात वाळू कुठली वाहून गेली, हे गावच्या माणसालाच ठाऊक असतं.

पाण्यात

आपल्याकडची पोरं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला डबा बांधून, काठावरून सूर मारून. विहिरीत पोहता येतं म्हणून समुद्रात येतं असं नाही, उलट अशांनाच जास्त धोका. विहिरीतलं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी तुम्हाला घेऊन जातं.

किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी परत जायला वाट शोधतं. ती वाट सापडली की तिथून ते जोरात आत ओढलं जातं. फसवं असं की ही जागा शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत, पांढरा फेस आहे, आणि मध्ये एक पट्टा आहे जिथं लाट फुटत नाही, पाणी जरा गढूळ आहे, फेस आतल्या बाजूला सरकतोय. घाबरट माणूस नेमका तिथं उतरतो, कारण तिथं लाटा कमी. म्हणून पाण्यात जायच्या आधी दहा मिनिटं काठावर उभं राहून बघा, लाटा कुठं फुटत नाहीत.

त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडं पोहायचा प्रयत्न करू नका. पट्टीचा पोहणारा त्यात दमतो आणि बुडतो तो दमल्यामुळं. अंग सैल सोडा, तरंगत राहा, एक हात वर करून हलवा. ओढ फार रुंद नसते, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत तिच्याबाहेर या, मग लाटांबरोबर काठाकडं. काठावर असाल आणि कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी घेऊ नका. रिकामा पाण्याचा कॅन, दोरी, जे तरंगेल ते फेका, जीवरक्षकाला हाक मारा, ११२ लावा. एकाला वाचवायला गेलेले तिघं बुडाले, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

आमच्या घरचे नियम साधे आहेत. पाणी चढत असेल तेव्हाच आत जायचं. मोठ्यांनी कमरेपर्यंत, पोरांनी गुडघ्यापर्यंत. एक मोठा माणूस काठावर, पाठ समुद्राकडं न करता, आणि त्याच्या हातात मोबाईल नाही. अर्ध्या तासानं पाळी बदलते. खडकावर उभं राहून फोटो नाही. प्यायलेला माणूस पाण्यात नाही, मग तो कितीही मोठा मामा असो. कधी वारा नसतानाही दूरच्या महासागरातल्या वादळाची लाट इथं येऊन आदळते, त्याचे इशारे हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था देते. तसा इशारा असेल त्या दिवशी किनाऱ्यावर फक्त भेळ.

जेलीफिश लागली तर चोळू नका, गोड पाण्यानं धुऊ नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा. वाळूत दडलेल्या पाकट नावाच्या माशाचा काटा पायाला लागला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून दवाखाना गाठा.

आणि गाडी वाळूवर नेऊ नका. ओहोटीला वाळू टणक वाटते, फोटो छान येतो, मग चाक रुततं आणि भरती काही ट्रॅक्टरची वाट बघत नाही.

दुपार

अकरा ते चार खोलीत. सोलापूरकराला हे शिकवावं लागू नये, पण समुद्र दिसला की आपण सगळं विसरतो. वारा असल्यानं ऊन कळत नाही, पाण्यावरून आणि वाळूवरून उलटून येणाऱ्या उन्हानं टोपीखालीही तोंड भाजतं. घाम वाळत नाही म्हणून किती गेला ते समजत नाही. लघवी गडद पिवळी दिसली की मीठ-साखर-पाणी सुरू करा. कोकम सरबत चालेल, शहाळं उत्तम.

आंघोळ करताना एक पाळा. आधी बाहेरच्या नळावर वाळू उतरवा, मगच खोलीत या. मोरीत वाळू गेली की जाळी तुंबते, आणि हॉटेलवाल्याच्या कपाळावरची आठी पुढचे तीन दिवस जात नाही.

जेवण

सकाळी नाश्त्यालाच रात्रीचं सांगून ठेवा. लहान हॉटेलांत मासळी सांगाल तेवढीच आणतात, आणि सांगितलेलं जेवण घरच्यासारखं होतं. आठ वाजता अचानक दहा माणसं जाऊन बसली की फ्रीजमधलं पुढ्यात येतं.

मासे पहिल्यांदा खाणाऱ्यानं सुरमईपासून सुरुवात करावी, एकच मोठा काटा. बांगडा चवीला तिच्याहून सरस, पण काट्यांची सवय हवी. पापलेटचा दर तुकड्याच्या आकारावर असतो, म्हणून तळायच्या आधी मासा दाखवायला सांगा. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, बोटानं दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. कोळंबी, तिसऱ्या, खेकडे पोरांना पहिल्यांदा देताना थोडंसंच द्या, काहींच्या अंगावर पित्त उठतं. आणि कोंबडी-वडे खाल्ल्याशिवाय मालवणातून हलू नका.

शाकाहारींची गणपतीपुळ्यात चंगळ. मोदक, आंबोळ्या, फणसाची भाजी, सोलकढी. आमच्या काकांना काळ्या मसाल्याशिवाय जेवण गोड वाटत नाही. त्यांनी एकदा सोलकढीत शेंगाचटणी घातली. वाढणारी ताई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

परतताना

आदल्या रात्री बिल मागा. सकाळी दहाला सगळी हॉटेलं एकदम रिकामी होतात आणि काउंटरवर घाईत आकडे कुणी तपासत नाही. जास्तीच्या गाद्या, पाण्याच्या बाटल्या, एकेक ओळ वाचा. ओले कपडे वेगळ्या पिशवीत. घरी पोहोचल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या, खारी हवा पत्रा खाते.

आंबे शेवटच्या दिवशी, रस्त्यावरून नाही तर बागायतदाराकडून. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी कर्नाटकचा हापूस तिथंही त्याच नावानं विकला जातो. देठाजवळ हुंगून बघा, वास यायला हवा. सगळी पेटी पिकलेली घेऊ नका, अर्धी तयार आणि अर्धी कच्ची मागा. पेटी डिकीत ठेवली तर सोलापूर येईपर्यंत उकडून निघते, तिला मागच्या सीटवर एसीत जागा द्या. पोरं कुरकुरतील. घरी आल्यावर कच्चे आंबे गवतात एका थरात पसरा, देठ खाली करून, पंख्यापासून दूर. आपल्या कोरड्या उष्णतेत ते तिकडच्यापेक्षा लवकर पिकतात आणि साल सुरकुतते, म्हणून तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एकेक दाबून बघा.